चाळिशी-पन्नाशीत बॉर्डरलाइनची लक्षणं परत आली तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तरुणपणी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे बीपीडीचं निदान झालं, मग बरीच वर्षं बरी गेली आणि आता मध्यम वयात पुन्हा तेच सुरू झाल्यासारखं वाटतंय, अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. बीपीडी हा व्यक्तिमत्त्व विकार आहे : भावना फार तीव्र असतात आणि झटकन बदलतात, नाती टोकाची होतात, कोणी सोडून जाईल ही धास्ती असते. अशा कुटुंबांसोबत मी काम करते. हे प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा समोर येतात.

सगळं वाचायचं बळ नसेल आणि जीव नकोसा झाला असेल, तर आधी तिसरा प्रश्न वाचा.

१. वय वाढलं की बीपीडी ओसरतो असं आम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं का?

नाही, ते खरंच आहे. अमेरिकेतल्या मॅकलीन हॉस्पिटलमध्ये मेरी झनारिनी यांनी १९९२ साली एक अभ्यास सुरू केला. बीपीडीचं निदान होऊन तिथे दाखल झालेल्या २९० जणांची पुढे वर्षानुवर्षं ठरावीक काळाने विचारपूस होत राहिली. सोळा वर्षांनी दिसलं ते असं : निदानात बसणार नाहीत इतकी लक्षणं कमी झालेली सलग दोन वर्षं जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला आली होती, आणि ७८ टक्के लोकांना तशी सलग आठ वर्षं मिळाली होती. कॅनडात, मॉन्ट्रियलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जोएल पॅरिस यांनी आपल्या जुन्या रुग्णांना २७ वर्षांनी गाठलं तेव्हा ते सरासरी पन्नाशीला आले होते. भेटलेल्या ६४ जणांपैकी फक्त पाच जण अजून निदानात बसत होते.

पण मॅकलीनच्याच अभ्यासात हेही दिसलं, की दोन वर्षं शांत गेलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचा आजार पुढे उलटला. आठ वर्षं शांत गेलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. चांगली गेलेली वर्षं जितकी जास्त तितका उलटण्याचा धोका कमी, पण तो पुरता संपत नाही.

आणखी एक गोष्ट निदान सांगताना बहुतेक वेळा राहून जाते. या आजाराची सगळी लक्षणं सारख्या वेगाने ओसरत नाहीत. स्वतःला इजा करणं, सारखी टोकाची भांडणं, ताणाखाली क्षणभर वास्तवाचं भान सुटणं ही लवकर मागे पडतात. आतलं रितेपण, एकटेपणा, आपल्याला कोणीतरी सोडून जाईल ही धास्ती, पटकन उसळणारा राग ही मागे रेंगाळतात. बाहेरून सगळं ठीक दिसत असताना ही माणसं हे आत सांभाळत जगत असतात. नोकरी, जोडीदार, मुलांची शाळा, ठरलेला दिवस यांनी ते धरून ठेवलेलं असतं.

म्हणून लक्षणं परतली की ‘माझं काय बिघडलं?’ याच्या आधी ‘मला धरून ठेवणारं काय गेलं?’ हा प्रश्न विचारा. माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

२. पण तेव्हासारखं आता काहीच नाही. मग हे बीपीडीच आहे कशावरून?

कारण या वयात ते वेगळ्या रूपात येतं. विशीत सगळ्या इमारतीला ऐकू जाणारं भांडण व्हायचं. आता तीच माणसं गप्प होतात, नातं आतल्या आत तोडून टाकतात आणि वरून जेवायला वाढत राहतात.

एक दुपार अशी असते. सत्तेचाळीस वर्षांची बाई. सकाळी अकराला बहिणीला मेसेज पाठवला, ‘संध्याकाळी बोलू या का?’ पाच मिनिटांत दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. साडेअकराला तिने फोन पालथा ठेवला. बाराला उचलून पुन्हा पाहिला. बहीण ऑनलाइन दिसत होती. साडेबारापर्यंत गेल्या दिवाळीतलं बहिणीचं एक वाक्य आठवलं होतं आणि त्याचा अर्थ आता ‘कळला’ होता. एक वाजता लांबलचक मेसेज लिहून झाला : तुला माझी कधीच गरज नव्हती, यापुढे त्रास देणार नाही. तो पाठवला आणि नंबर ब्लॉक केला. सव्वा वाजता छातीत दगड ठेवल्यासारखं झालं आणि तिने ऑफिसची मीटिंग व्यवस्थित पार पाडली. बहीण त्या वेळी दवाखान्यात रांगेत बसली होती.

या दोन तासांत काहीही फुटलं नाही, कोणी ओरडलं नाही. पण सोडून जाण्याची भीती, कालच्या जिवलग माणसाचं आज वैरी होणं, घाईने उचललेलं टोकाचं पाऊल आणि मागून आलेली लाज, हे सगळं त्यात आहे.

स्वतःला इजा करण्याचं रूपही बदलतं. जुनी सवय सुटलेली असते, पण मधुमेहाच्या गोळ्या मुद्दाम बंद करणं, दिवसदिवस न जेवणं, गरजेपेक्षा जास्त झोपेच्या गोळ्या घेणं, दारू वाढवणं, डॉक्टरांची वेळ घेऊन न जाणं असे प्रकार सुरू होतात. ‘तब्येतीकडे दुर्लक्ष’ म्हणून घरचे ते सोडून देतात. ते स्वतःला शिक्षा देण्यासाठी केलं जातंय का, हे विचारायला हवं.

३. जगणं नको वाटतं. या वयात हे विचार गंभीर समजायचे का?

हो, पूर्णपणे. हा धोका फक्त तरुणांना असतो असं समजू नका. पहिल्या प्रश्नात सांगितलेल्या, मॉन्ट्रियलच्या २७ वर्षांच्या अभ्यासातल्या बीपीडी रुग्णांपैकी साधारण दहा टक्के जणांचा शेवट आत्महत्येने झाला, आणि त्यांचं त्या वेळचं सरासरी वय ३७ होतं.

आत्ता तसे विचार असतील तर एकटे राहू नका. घरात कोणी असेल तर त्याच्या खोलीत जाऊन बसा आणि ‘मला जीव द्यावासा वाटतोय’ हेच शब्द वापरा. सूचक बोललेलं समोरच्याला कळत नाही. घरात कोणी नसेल तर आपत्कालीन सेवेला किंवा तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. घरातल्या गोळ्यांचा साठा दुसऱ्या कोणाकडे द्या. बीपीडीमध्ये ही लाट फार उंच असते, पण बहुतेक वेळा काही तासांत ती बरीच खाली येते. तेवढा वेळ माणूस आणि साधन यांत अंतर राहिलं तर जीव वाचू शकतो.

घरच्यांसाठी : ‘आत्महत्येचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. विचारा. आणि ‘लक्ष वेधायला करतेय’ हे वाक्य कायमचं टाकून द्या. हे लिहिताना मला राग येतो, कारण मदतीला उशीर व्हायचं एक मोठं कारण हे वाक्य आहे.

४. वीस वर्षं ठीक होतं. मग आत्ताच का?

कारण मध्यम वयात आधार एकेक करून नाही, एकदम जातात. आई किंवा वडील जातात. मुलं शिकायला बाहेर पडतात. लग्न मोडतं, किंवा जोडीदार स्वतःच आजारी पडतो आणि आजवर सांभाळणाऱ्यालाच सांभाळायची वेळ येते. नोकरी जाते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, हे स्पष्ट नोंदवलेलं आहे : जोडीदारासारखं आधाराचं माणूस किंवा नोकरीसारखी स्थैर्य देणारी परिस्थिती गेली, की व्यक्तिमत्त्व विकार बळावू शकतो.

यातली काही कारणं सहज ध्यानात येत नाहीत. वडील गेले, आणि त्यांनीच लहानपणी छळलं होतं, तर लोक म्हणतात, ‘सुटलीस’. प्रत्यक्षात जुनं सगळं त्याच महिन्यात उघडं पडतं, कारण आता जाब विचारायलाही कोणी उरलेलं नसतं. किंवा मुलगी अकरा वर्षांची होते, आणि आईवर अत्याचार झाला तेव्हा तीही अकरा वर्षांची होती. आईला रात्री झोप लागेनाशी होते, का ते तिलाही कळत नाही. बढतीसुद्धा कारण ठरू शकते : वीस वर्षांचा ओळखीचा गट सुटतो, नवा साहेब कोरडा असतो.

शरीराचाही वाटा असतो. महिनोन्महिने अपुरी झोप, सततची दुखणी, थायरॉइडची गडबड, वाढलेली दारू यांनी भावना आवरण्याची ताकद कमी होते. आणि बऱ्याच जणांनी मधल्या काळात थेरपी थांबवलेली असते, शिकलेल्या गोष्टी वापरणं कधीच सुटलेलं असतं.

कागदावर गेल्या दोन वर्षांत काय काय गेलं, बदललं ते तारखेसह लिहा आणि लक्षणं कधी वाढली तेही शेजारी लिहा. तो कागद पाहून अनेकांची मान पहिल्यांदा थोडी वर होते.

५. पाळी जाण्याच्या काळाचा याच्याशी संबंध असतो का?

असू शकतो. पाळी बंद होण्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन या हार्मोनची पातळी एकसारखी कमी होत नाही, ती वरखाली होत राहते, आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या मेंदूतल्या रसायनांवर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो. नैराश्याचा धोका या काळात एरवीही वाढतो. त्यात रात्री घामाने जाग येणं आणि अपुरी झोप. ज्या बाईच्या भावना मुळातच तीव्र आहेत, तिला हे सगळं जास्त जड जातं.

पाळीच्या तारखा, झोप आणि मनाची अवस्था यांची दोन-तीन महिने नोंद ठेवा आणि ती स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. ‘वयाचं आहे, होतं असं’ म्हणून कोणी वाटेला लावत असेल तर दुसरे डॉक्टर गाठा. उपाय आहेत, हार्मोन उपचार त्यांपैकी एक. तो कोणाला चालेल हे तपासणीनंतर ठरतं.

६. मला तरुणपणी असं काहीच नव्हतं. पन्नाशीत पहिल्यांदाच बीपीडी होतो का?

आधी मागे वळून पाहा. कित्येकांना तेव्हाही त्रास होता, पण ‘रागीट’, ‘हळवी’, ‘नाटकी’ असे शिक्के बसले आणि डॉक्टरांपर्यंत कोणी गेलंच नाही. काहींना प्रेमळ जोडीदार लवकर मिळाला आणि सगळं झाकलं गेलं. अशांचं निदान उशिरा होऊ शकतं.

पण मागे खरोखरच काही नसेल आणि शांत माणूस वर्ष-दोन वर्षांत ओळखू न येण्याइतका बदलला असेल, तर बीपीडीवर थांबू नका. आधी शरीराची पूर्ण तपासणी झाली पाहिजे. थायरॉइड, दारू किंवा इतर व्यसन, स्टिरॉइडसारखी औषधं, डोक्याला झालेली जुनी इजा, मेंदूतली गाठ या सगळ्यांनी स्वभाव बदलू शकतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा स्मृतिभ्रंशाचा प्रकार बऱ्याचदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि त्यात स्मरणशक्तीच्या आधी वागणं बिघडतं : लाज-संकोच सुटतो, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटेनासं होतं, खाण्यावर ताबा राहत नाही. बीपीडीत माणसाला आपल्या वागण्याचा मागून फार त्रास होतो. या डिमेन्शियात बहुतेक वेळा होत नाही. घरच्यांच्या डोळ्यांना हा फरक दिसतो, तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

७. नव्या डॉक्टरांनी बायपोलर म्हटलं. कोणावर विश्वास ठेवू?

मनःस्थिती किती वेळ टिकते आणि कशाने बदलते ते पाहा. बायपोलरमध्ये, म्हणजे मनःस्थिती आलटून पालटून खूप चढण्याच्या आणि खचण्याच्या आजारात, चढलेली अवस्था सलग चार दिवस, आठवडा किंवा त्याहून जास्त राहते, झोप कमी होऊनही थकवा येत नाही, आणि दर वेळी बाहेर काही घडलेलं असतंच असं नाही. बीपीडीत एका दिवसात चार ऋतू होतात आणि बहुतेक वेळा मागे कोणाशी तरी काहीतरी झालेलं असतं. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. बायपोलर असेल तर औषध अत्यावश्यक ठरतं, म्हणून हा प्रश्न सोडून देऊ नका. दिवसातून तीनदा दोन ओळींची नोंद महिनाभर ठेवून नेलीत, तर डॉक्टरांना पंधरा मिनिटांच्या भेटीपेक्षा खूप जास्त कळेल.

८. पुन्हा थेरपी? ते सगळं पहिल्यापासून करायची ताकद नाही माझ्यात.

पहिल्यापासून करायचं नाहीये. तुम्ही डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी केली असेल, तर लाट आली की थांबणं, भावनेला नाव देणं, तिच्या उलट कृती करणं, समोरच्याला न दुखावता मागणी मांडणं हे सगळं तुम्ही एकदा शिकलेले आहात. मध्ये वापरात नव्हतं इतकंच. जुन्या थेरपिस्टना फोन करून ‘आठ-दहा भेटी मिळतील का?’ एवढं विचारणं ही चांगली सुरुवात आहे.

पूर्वी कधीच थेरपी झाली नसेल तरी उशीर झालेला नाही. पूर्ण डीबीटी पूर्वापार वर्षभराची असते, पण कॅनडातल्या एका अभ्यासात, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, सहा महिन्यांची डीबीटी बारा महिन्यांच्या तुलनेत कमी पडली नाही. मेंटलायझेशनवर (स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यावर) आधारित उपचार आणि स्कीमा थेरपी (लहानपणापासून घट्ट बसलेल्या समजुतींवर काम करणारी) हेही चांगले तपासलेले पर्याय आहेत.

आणि डीबीटी शिकलेलं कोणी मिळतच नसेल तर? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेली मॅकमेन यांच्या अभ्यासात १८० रुग्णांपैकी काहींना डीबीटी आणि काहींना आजार समजून घेऊन, नियमाने केलेली साधी मानसोपचार देखभाल मिळाली. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. म्हणून थेरपीच्या नावापेक्षा हे बघा : समोरच्याला बीपीडीबद्दल माहिती आहे का, तो तुमच्या रागाला घाबरून पळत नाही ना, आणि भेटी ठरल्या वेळी होतात का.

मध्यम वयातल्या रुग्णांसोबत काम करताना मला एक फरक नेहमी जाणवतो. विशीतला माणूस थेरपीत ‘मी कोण?’ या प्रश्नात गुरफटलेला असतो. पंचेचाळिशीत काय टिकवायचंय हे माहीत असतं. हे नातं, ही नोकरी, हे मूल. त्यामुळे कामाला लवकर हात घालता येतो.

९. एखादी गोळी नाही का?

खास बीपीडीसाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबत नैराश्य, चिंताविकार, झोपेचा त्रास असेल तर त्यावर औषधं उपयोगी पडतात. चिंता लगेच कमी करणाऱ्या, सवय लागणाऱ्या गोळ्यांबाबत सावध राहा. त्यांनी काहींचा स्वतःवरचा ताबा आणखी सुटतो. चालू असलेलं कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

१०. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. तोवर काय करू?

झोपेची वेळ पक्की करा, दारू बंद करा, जेवण चुकवू नका. साधं वाटतं, पण रिकाम्या पोटी आणि चार तासांच्या झोपेवर कोणतंही कौशल्य चालत नाही.

लाट आली की चेहरा थंडगार पाण्यात अर्धा मिनिट श्वास रोखून बुडवा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात आणि डोकं थोडं जागेवर येतं. हृदयाचा आजार असेल किंवा खाण्याचा विकार असेल, तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रागाचा मेसेज लिहा, पण मेसेजच्या खिडकीत लिहू नका. वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर वाचा. राजीनामा, घटस्फोटाची भाषा, नंबर ब्लॉक करणं, मोठी खरेदी हे या तीन आठवड्यांत करायचं नाही असं घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. ठरवताना त्याला विचारायचं, बस.

११. बायकोचं हे परत सुरू झालंय. मी थकलोय. मी काय करू?

तुमचा थकवा खरा आहे, तो आधी कोणाकडे तरी बोला. तुमचीही झोप आणि तुमचेही मित्र शाबूत राहिले पाहिजेत.

भांडणात वाक्यांचा क्रम बदलून पाहा. ‘अगं, असं काही नाहीये’ इथून सुरुवात केली की तिला ऐकू येतं, ‘तुला वाटतंय ते खोटं आहे.’ त्याऐवजी, ‘मी फोन उचलला नाही तेव्हा तू खूप घाबरलीस, दिसतंय मला,’ एवढं म्हणा आणि थांबा. तिचा निष्कर्ष मान्य करायची गरज नाही, भीती मान्य करा. मग दहा मिनिटांनी, ‘मी गाडी चालवत होतो.’

मर्यादाही सांगा, पण शांत वेळी आणि पाळता येईल तेवढीच : ‘आवाज चढला तर मी अर्धा तास खाली चक्कर मारून येईन, आणि परत येईन.’ परत येईन हे शब्द गाळू नका, आणि सांगितलेल्या वेळेला या. बीपीडी असलेल्या माणसाच्या मनात सगळी भीती त्या अर्ध्या तासाच्या शेवटाला असते. साठलेल्या रागाच्या भरात ‘आता मी घर सोडतो’ ही धमकी एकदाही देऊ नका. खरंच जायचं ठरवलं असेल तर ते वेगळं बोलणं आहे, आणि ते थेरपिस्टसमोर व्हावं.

मारहाण होत असेल तर आजार हे सहन करायचं कारण होऊ शकत नाही. ती कोणाकडूनही होत असो, स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या.

१२. पुरुषांनाही होतो का?

हो. पुरुषांमधला बीपीडी दारू, रागावर ताबा नसणं, सतत बदललेल्या नोकऱ्या या नावांखाली दडतो आणि बऱ्याचदा निदानच होत नाही. पन्नाशीला, घटस्फोटानंतर एकटं राहणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते, कारण विचारपूस करणारं माणूसच उरलेलं नसतं.

१३. ऑफिसात सांगू का?

सांगायचं बंधन नाही. उपचारासाठी वेळ हवा असेल तर ‘तब्येतीचे उपचार चालू आहेत’ एवढं पुरतं. मार्शा लिनेहान, ज्यांनी डीबीटी घडवली, त्यांनी किशोरवयात आपल्याला मनोरुग्णालयात ठेवलं होतं हे २०११ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जाहीरपणे सांगितलं. सांगायला किती वेळ घ्यायचा हे तुमच्या हातात आहे.

१४. मुलांना सांगायचं का? त्यांनाही होईल का?

नाव सांगा किंवा नका सांगू, पण घडतंय ते सांगा. मुलं कारण शोधतातच, आणि सापडलं नाही तर स्वतःला दोष देतात. ‘माझ्या भावना कधीकधी फार मोठ्या होतात. काल मी ओरडले ते तुझ्यामुळे नव्हतं. मी डॉक्टरांकडे जातेय.’ दहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. सोळा वर्षांच्या मुलीला नावासह सांगितलेलं बरं, ती नाहीतरी शोधून काढते. पण मुलांना आपला थेरपिस्ट करू नका. रात्री दोनला मुलीला उठवून मन मोकळं करणं हा तिच्यावर भार आहे.

आनुवंशिकतेचा वाटा असतो, जुळ्यांच्या आणि भावंडांच्या अभ्यासांवरून तो निम्म्याच्या आसपास धरला जातो. याचा अर्थ निम्म्या मुलांना होईल असा नाही. बीपीडी असलेल्यांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. मुलात स्वतःला इजा करणं किंवा टोकाची अस्थिरता दिसली तर ‘वयात येतोय’ म्हणून थांबू नका, लवकर दाखवा. लवकर सुरू झालेल्या उपचाराचा फायदा होतो.

१५. पहिल्या भेटीत नव्या डॉक्टरांना काय सांगू?

जुनं निदान कधी आणि कोणी केलं, कोणते उपचार झाले, कशाने फरक पडला आणि कशाने नाही. किती वर्षं बरी गेली आणि त्या काळात दिवस कसा असायचा. गेल्या दोन वर्षांत काय काय गेलं, तो चौथ्या प्रश्नातला कागद. चालू गोळ्यांची यादी, पाळीची स्थिती, थायरॉइड आणि साखरेचे रिपोर्ट, दारूचं खरं प्रमाण. स्वतःला इजा किंवा आत्महत्येचे विचार असतील तर ते सगळ्यात आधी, दारातून बाहेर पडताना नाही. काही डॉक्टर बीपीडी हा शब्द ऐकूनच आखडतात. तसं जाणवलं तर ‘तुम्ही या निदानाचे रुग्ण नियमित पाहता का?’ असं विचारा. नाही म्हणाले, तर पाहणाऱ्यांचं नाव त्यांच्याकडूनच मागून घ्या.